डॉक्टरांचा साहाय्यक : ग्रामीण आरोग्यसेवेतील स्थान व मूल्यमापन

खेडेगावात 'डॉक्टर' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एम.बी.बी.एस. झालेला तो डॉक्टर, बी.ए.एम.एस. झालेलाही डॉक्टरच, दहा-बारा वर्षे एखाद्या दवाखान्यात कंपाउंडरकी करून पुढे स्वतःचे बस्तान बसविलेला गृहस्थसुद्धा डॉक्टर, आणि उपकेंद्रातील नर्सबाईंनाही म्हाताऱ्या बायका 'डाक्टरीणबाई' म्हणूनच हाक मारतात. ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, अशी आपली सोपी व्याख्या आहे. या व्याख्येला हसणे सोपे आहे. परंतु ती का रूढ झाली याचा विचार केल्यास हसू मावळते. पुरा शिकलेला डॉक्टर गावात मुक्कामाला क्वचितच राहिला. जो राहिला त्याला गावाने डॉक्टर म्हटले, इतकाच याचा अर्थ.

जो डॉक्टर नाही, परंतु डॉक्टरांच्या कामातील काही भाग रीतसर शिकून तो करतो, अशा माणसाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. परदेशात त्याला 'फिजिशियन असिस्टंट' म्हणतात. आपल्याकडे त्याची नावे अनेक झाली : आरोग्यरक्षक, भारतवैद्य, आरोग्यदूत, आशा, समुदाय आरोग्य अधिकारी. नावे बदलत गेली तरी प्रश्न एकच राहिला. ही माणसे काम कितपत चांगले करतात, आणि ते चांगले की वाईट हे ठरवावयाचे कसे? कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे विज्ञान शाखेतील मित्र विचारतील. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते की, आजारी पडावयास कोणतीही पदवी लागत नाही.

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. स्वातंत्र्यापूर्वी येथे दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक विद्यापीठाचे पदवीधर. दुसरे वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले 'लायसेन्शिएट', म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेले 'एल.एम.पी.'. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार हे एल.एम.पी. होते. समितीच्या बहुमताचा निर्णय असा झाला की, यापुढे देशात एकाच दर्जाचा, पुरा शिकलेला डॉक्टर तयार करावा. हेतू उदात्त होता. गरिबाला एक डॉक्टर आणि श्रीमंताला दुसरा असा भेद नको, ही त्यामागील दृष्टी होती. परंतु झाले असे की, एल.एम.पी.च्या शाळा बंद झाल्या, नव्या महाविद्यालयांतून निघालेला पदवीधर शहरात राहिला, आणि मधल्या रिकाम्या जागेत कंपाउंडर येऊन बसला. भोर समितीने त्याला बोलाविले नव्हते. परंतु त्याच्यासाठी जागा मोकळी झाली, हे नाकारता येणार नाही.

अमेरिकेची वाट वेगळी. तेथेही डॉक्टरांचा तुटवडा होता. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांच्या असे लक्षात आले की, नौदलातील वैद्यकीय सेवक युद्धावर जखमा बांधतात, सलाईन लावतात, रुग्णाची स्थिती ओळखतात. आणि तेच घरी परतले की त्यांच्या कौशल्याला कोणी विचारीत नाही. १९६५ साली अशा चार माजी सेवकांना घेऊन त्यांनी दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६७ साली त्यांतील तिघे बाहेर पडले. पुढे हा व्यवसाय तेथे कायद्याने मान्य झाला, वाढला. आपल्या देशात याच नावाचा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नई येथील मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला. पण तो हृदयशस्त्रक्रियेच्या विभागासाठी. गंमत अशी की, नाव घेऊन जो साहाय्यक आला तो मोठ्या शहराच्या ऑपरेशन थिएटरात गेला, आणि खेड्यात जो आला तो निराळ्या नावांनी आला. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात फिजिशियन असिस्टंटचा समावेश झाला आहे. तरी आपल्याकडील रुग्णाला हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही.

खेड्यातील साहाय्यकाची सरकारी सुरुवात २ ऑक्टोबर १९७७ रोजी झाली असे म्हणता येईल. श्रीवास्तव समितीने १९७५ साली गावातूनच आरोग्यसेवक निवडण्याची शिफारस केली होती. चीनमधील 'अनवाणी डॉक्टरां'चा त्या काळी जगभर बोलबाला होता. जनता राजवटीत राजनारायण आरोग्यमंत्री असताना योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे. कल्पना चांगली होती. परंतु निवडले गेले बहुतेक पुरुष, आणि गावात निवड कशी होते हे आपण सर्व जाणतो. जो पुढाऱ्याच्या ओळखीचा, तो आरोग्यरक्षक. औषधांची पेटी संपली की भरून येईना. मानधन थकले. १९८१ साली नाव बदलून 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झाले, पण नाव बदलल्याने पेटी भरत नाही. २००२ पर्यंत योजना कागदावरूनही गेली. या योजनेचे मूल्यमापन करणाऱ्याने "तीन महिन्यांत शिकलेल्या माणसाला काही येत नाही" असा निष्कर्ष काढला, तर तो योग्य होईल का? मला वाटते, नाही. ज्याच्या पेटीत गोळीच नाही, त्याच्या ज्ञानाची परीक्षा झाली असे म्हणता येत नाही.

याच काळात आपल्या मराठवाड्याच्या सीमेला लागून, जामखेडला, वेगळे काही घडत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावातून स्त्रिया निवडल्या. त्यांतील बऱ्याच निरक्षर, पुष्कळ दलित समाजातील. या स्त्रिया आठवड्यातून केंद्रावर येत, शिकत, पुन्हा गावी जात. तीन महिन्यांत शिकवून सोडून दिले असे झाले नाही. शिकणे वर्षानुवर्षे चालू राहिले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९६ साली हा आकडा २६ वर आल्याचे प्रकल्पाच्या नोंदी सांगतात.

येथे मूल्यमापनाचा पहिला धडा मिळतो. १७६ वरून २६ हा आकडा वाचून आपण थक्क होतो. परंतु या पंचवीस वर्षांत रस्ते झाले, हापसे बसले, लसी आल्या, मुली शाळेत गेल्या; प्रकल्प नसलेल्या गावांतही अर्भकमृत्यू कमी झालेच. मग घटीतील किती वाटा त्या स्त्रियांचा? हे जाणण्यासाठी प्रकल्पाची गावे आणि जवळची इतर गावे यांची तुलना करणारा अभ्यास झाला. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा : पहिला महिना ओलांडलेल्या बालकांत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत शेकडा ३० ने कमी होता, पहिल्या महिन्याच्या आतील बाळांत मात्र स्पष्ट फरक आढळला नाही. शेकडा ३० हा आकडा १७६ आणि २६ यांच्याइतका डोळे दिपविणारा नाही. परंतु मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात इतरांचे श्रेय वजा केलेले आहे. शिवाय कोठे काम झाले आणि कोठे राहिले, हेही तो सांगतो.

राहिलेले काम म्हणजे पहिला महिना. ते गडचिरोलीने हाती घेतले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेचे प्रयोग मी थोडे विस्ताराने सांगते, कारण साहाय्यकाचे मूल्यमापन कसे करावे याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा आढळला नाही.

त्यांचा आधीचा प्रयोग लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. आपल्याकडे ज्याला पोरगे 'डब्यात गेले' म्हणतात आणि तिकडे 'लहाक' म्हणतात, तोच हा आजार. तो ओळखण्यास डॉक्टर छातीला नळी लावतात, फोटो काढतात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने एक सोपी खूण मान्य केलेली आहे : खोकला असलेल्या मुलाचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील ५० किंवा अधिक, त्यापुढे पाच वर्षांपर्यंतचे मूल ४० किंवा अधिक वेळा श्वास घेत असेल तर न्यूमोनिया समजावा. अडचण अशी की, गावच्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा तिच्यासाठी मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे एक साधन तयार केले गेले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा; वाळू संपण्याच्या आत ठराविक मणी सरकला तर औषध सुरू करावयाचे. साठ मोजता न येणे हा अज्ञानाचा शेवट मानला असता, तर प्रयोग तेथेच थांबला असता. ५८ गावांत उपचार आणि ४४ गावांत केवळ नोंद, अशी तुलना करून १९९० साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. न्यूमोनियाचे मृत्यू शेकडा ५४ ने घटले. आरोग्यसेवक, गावकार्यकर्ते आणि सुईणी यांनी उपचार केलेल्या मुलांत शंभरांत एकाहून कमी मूल दगावले. तुलनेच्या भागात न्यूमोनिया झालेल्या मुलांत हे प्रमाण शेकडा १३.५ होते.

पुढील प्रयोग नवजात बाळांचा. १९९५ पासून ३९ गावांत थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना घरी जाऊन बाळाचे वजन करणे, ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकविले गेले. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. जन्म-मृत्यूंची नोंद दोन्हीकडे सारख्याच काटेकोरपणे झाली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू एका भागात २५.५, तर दुसऱ्या भागात ५९.६ होते. एकूण घट शेकडा ६२ भरली. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा अर्धशिक्षित बाईच्या हाती इंजेक्शन देणे योग्य की अयोग्य, असा वाद झालाच. वाद घालणाऱ्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. चुकीच्या मात्रेने बाळाचे मूत्रपिंड वा कान बिघडू शकतात. परंतु त्या भीतीला उत्तर आकड्यांनी दिले गेले आणि त्या आकड्यांमागे एक मोठी यंत्रणा उभी होती, हे विसरू नये. कार्यकर्ती एकटी नव्हती. तिच्या नोंदी तपासणारा पर्यवेक्षक दर थोड्या दिवसांनी गावात येत असे.

सरकारने २०११ पासून ही घरपोच नवजात सेवा आशांमार्फत देशभर लागू केली. बाळंतपणानंतर ठराविक दिवशी भेटी, वजन, तापमान, लक्षणांची नोंद हे सर्व आले. इंजेक्शनाचा भाग मात्र आशांकडे आला नाही. म्हणजे आजार ओळखणे साहाय्यकाकडे, उपचार दूरच्या दवाखान्यात. गडचिरोलीच्या प्रयोगाचे आकडे भाषणात सांगताना हा फरक सांगितला जात नाही.

आता घराजवळ येऊ. आपल्या नळदुर्गला लागून असलेले अणदूर आपणांस खंडोबामुळे ठाऊक आहे. एकच मूर्ती वर्षाचा मोठा काळ अणदूरला आणि उरलेला नळदुर्गला, अशी ही दोन गावांची जुनी वाटणी. त्याच अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी 'हॅलो मेडिकल फाउंडेशन' ही संस्था उभारली व परिसरातील गावांतून 'भारतवैद्य' स्त्रिया तयार केल्या. साधे आजार, गरोदर बायांची काळजी, आरोग्यशिक्षण हे त्यांचे काम. 'वैद्य' हा मानाचा शब्द शेतमजुरी करणाऱ्या बाईला देणे ही मला त्या कार्यक्रमातील मोठी गोष्ट वाटते. 'आरोग्यरक्षक' म्हटले की पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. 'वैद्य' म्हटले की तिला काही येते, हे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रात डॉ. श्याम अष्टेकर यांनीही अशा कार्यकर्त्यांसाठी मराठीतून मोठे पाठ्यपुस्तक लिहिले. आजार आणि औषधे मराठीत शिकविता येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे गल्लीत कोणाची चिठ्ठी, कोणाचा लघवी-रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे येते. 'हे जेवायच्या आधी का नंतर?' हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला असेल. कॅप्सूल कोणती हे डॉक्टरांनी लिहिलेले असते. ते समजावून सांगावयास कोणी नसते. या अनुभवावरून माझे असे मत बनले आहे की, डॉक्टरांच्या कामाचा जो भाग औषधनिवडीचा आहे त्याहून मोठा भाग बोलण्याचा आहे, आणि तो भाग साहाय्यकाकडे सर्वांत सहज जाऊ शकतो. माझी चुलती आशा आहे. तिला औषधे फार देता येत नाहीत. पण कोणती सून दिवस गेलेले लपविते आहे आणि कोणत्या घरी म्हाताऱ्याने शुगरची गोळी बंद केली आहे, हे तिला तोंडपाठ असते. हे ज्ञान कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात मिळत नाही.

तिचे रजिस्टर मी नुकतेच चाळले. त्यात भेटीची तारीख आहे, वजन आहे, आणि धोक्याचे लक्षण दिसले की 'पाठविले' अशी नोंद आहे. पाठविलेल्या माणसाचे पुढे काय झाले याचा रकाना नाही. तो दवाखान्यात पोहोचला का, कोणी तपासले, काय निदान झाले, हे तिला कळते ते गावातील बोलण्यावरून. तिचा अंदाज बरोबर होता की चूक, हे तिला अधिकृतपणे कोणीच कळवीत नाही. मग ती शिकणार कशी? परीक्षेचा निकाल न लावता विद्यार्थ्याला दरवर्षी पुढच्या वर्गात बसविल्यासारखे हे आहे.

शिक्षणाची मुदत वाढविली तर काय होते, याचे उत्तर छत्तीसगडने दिले आहे. नवे राज्य झाल्यावर तेथे २००१ साली कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढण्यात आला. पदविकेच्या नावावरून, 'डॉक्टर' लावण्याच्या हक्कावरून आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि काही वर्षांतच नवे प्रवेश बंद झाले. परंतु तयार झालेल्या मुलामुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'ग्रामीण चिकित्सा सहायक' म्हणून नेमले गेले. २०१० च्या सुमारास त्यांची परीक्षा घेण्यात आली. अतिसार, न्यूमोनिया, हिवताप, क्षय, मधुमेह, गरोदरपणातील वाढता रक्तदाब अशा नेहमीच्या आजारांचे काल्पनिक रुग्ण मांडून एम.बी.बी.एस. डॉक्टर, आयुष डॉक्टर, हे सहायक आणि परिचारिका-औषधनिर्माते अशा चार गटांना निदान व उपचार विचारले. सहायक आणि एम.बी.बी.एस. डॉक्टर बरोबरीचे ठरले. उरलेले दोन गट मागे राहिले. प्राथमिक उपचाराच्या मर्यादेत तीन वर्षे आणि साडेपाच वर्षे यांत फरक दिसला नाही, ही मोठी गोष्ट आहे. अर्थात तोंडी सांगणे वेगळे आणि गर्दीच्या ओ.पी.डी.त करणे वेगळे. काल्पनिक रुग्ण 'सलाईन लावाच' म्हणून अडून बसत नाही.

हा अडून बसण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढते. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या गावडॉक्टरांना नऊ महिने शिकविण्याचा प्रयोग झाला. त्याचे मूल्यमापन करणाऱ्यांत नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी होते आणि ते २०१६ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाचे सोंग घेतलेली शिकविलेली माणसे त्यांच्याकडे पाठविली गेली. शिक्षणामुळे योग्य उपचाराचे प्रमाण वाढले. पण अनावश्यक औषधे आणि अँटिबायोटिक देणे कमी झाले नाही. कारण उघड आहे. त्यांचा प्रपंच औषधे विकण्यावर चालतो. ज्ञान वाढविता येते, पण मिळकतीची रीत तीच ठेवली तर हात जुन्याच सवयीने बाटलीकडे जातो. आपल्याकडील कंपाउंडरला हेच लागू आहे आणि, खरे बोलावयाचे तर, काही पदवीधरांनाही. सलाईनच्या बाटलीत प्रामुख्याने मीठ-पाणी असते हे आमच्या वर्गात सर्वांना माहीत आहे. तरी अशक्तपणा आला की आमच्यातीलच बरेच जण दोनशे-तीनशे रुपये देऊन ते नसेतून घेतात.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले, आणि २०२३ च्या अखेरीस त्यांचे नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. आपल्या राज्यात हे बहुधा बी.ए.एम.एस. झालेले तरुण असतात. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा जादा अभ्यासक्रम करून ते येतात. तिशीवरील माणसांचा रक्तदाब-साखर तपासणे, चालू औषधे पुरविणे, अडल्यास ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेणे हे त्यांचे काम. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात एक शिकलेला माणूस बसणे ही लहान गोष्ट नव्हे. आपला जिल्हा २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, तेव्हा येथे त्याची गरज अधिकच. परंतु त्यांच्या मोबदल्याचा एक भाग कामगिरीवर अवलंबून असतो आणि कामगिरी मोजली जाते ती संख्येने : इतके रक्तदाब तपासले, इतके सल्ले झाले. किती जणांचा रक्तदाब ताब्यात आला हे मोजणे कठीण, म्हणून किती जणांचा तपासला हे मोजले जाते. जामखेडच्या त्या दोन आकड्यांतील फरक येथे पुन्हा आठवतो.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत बोचरा आहे. साहाय्यक खेड्यालाच का? पुण्या-मुंबईच्या माणसाला तज्ज्ञ, आणि आम्हाला सहा महिने शिकलेला? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'सामुदायिक आरोग्य सेवादाता' या मर्यादित परवान्याची तरतूद झाली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने देशभर संप केला. त्यांच्या विरोधात व्यवसायाचा स्वार्थ होता, तसाच हा प्रश्नही होता. इंग्लंडमध्येही २०२५ च्या जुलैमध्ये प्रा. लेंग यांच्या समीक्षेने अशी शिफारस केली की, या लोकांना 'असोसिएट' न म्हणता 'असिस्टंट'च म्हणावे, म्हणजे आपण डॉक्टरला भेटलो नाही हे रुग्णाला कळेल. आणि निदान न झालेला नवा रुग्ण त्यांनी, ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर, पाहू नये. तेथे रुग्णाच्या मागे डॉक्टर आहे, म्हणून ही शिफारस तेथे सोपी आहे. आपल्याकडे रात्री दोन वाजता पोर धापा टाकू लागले, तर साहाय्यक की डॉक्टर अशी निवड नसते. साहाय्यक की कंपाउंडर, किंवा साहाय्यक की उजाडेपर्यंत वाट पाहणे, अशी निवड असते. तुलना कोणाशी करावयाची हे मूल्यमापनाआधी ठरविले पाहिजे, आणि ते ठरविताना रुग्णाच्या उंबऱ्यावर उभे राहिले पाहिजे. याचा अर्थ गावाने डॉक्टरची मागणी सोडावी असा मुळीच नाही. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तेथून निघणारे किती जण जिल्ह्यातील प्राथमिक केंद्रांत बसतील, हा प्रश्न साहाय्यक असो वा नसो, विचारीत राहावा लागेल. साहाय्यकाच्या मागे जर डॉक्टरच नसेल, तर तो साहाय्यक कोणाचा?

आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावी होते. रस्ता झाडणे, शोषखड्डे खणणे हे चांगलेच आहे. त्यासोबत पन्नास घरांत जाऊन तीन प्रश्न विचारता आले तर पाहावे. गेल्या वर्षात घरात कोणी आजारी पडले तेव्हा सर्वांत आधी कोणाकडे गेलात? आशाताईंनी वा आरोग्य केंद्राने पुढे पाठविले असेल, तर तेथे पोहोचलात का? आणि तेथे काय झाले, हे परत येऊन त्यांना कोणी सांगितले का? प्रश्नावली तयार करण्यास समाजशास्त्र विभागाचे प्राध्यापक साहाय्य करतील अशी आशा आहे. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे चुलतीला दाखविण्याचे मी कबूल केले आहे.